वाचकांचे प्रश्न : पिटिशन क्राउन, पॅटर्न नाणी आणि त्यांची कड

जुन्या नाण्यांच्या सदरात या वेळी बहुतेक पत्रे चांदीच्या ‘पॅटर्न’ नाण्यांबद्दल आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती: नाण्याच्या दोन बाजूंबरोबर कडेचाही फोटो पाठवा. आलेल्या फोटोंत कड जवळजवळ कुठेच नव्हती, आणि खाली दिसेलच की निम्म्याहून जास्त उत्तरे कडेवरच अडलेली आहेत.

प्रश्न : पॅटर्न म्हणजे नेमके काय? प्रूफ नाणे आणि पॅटर्न एकच का? आणि ज्याचे नाव सारखे ऐकू येते तो ‘पिटिशन क्राउन’ पॅटर्न आहे की प्रूफ? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : टांकसाळीत नवे नाणे काढायचे ठरले की आधी नमुना पाडून वरिष्ठांना दाखवतात. तो नमुना म्हणजे पॅटर्न. तो मंजूर झाला नाही, किंवा बदल करून मंजूर झाला, तर मूळ रूपातले मोजकेच नग मागे राहतात. प्रूफची गोष्ट वेगळी. नक्षी मंजूर झालेलीच असते. फक्त ठसे (नक्षी उमटवणारे पोलादी साचे) आणि कोरी चकती घासून-चमकवून, जास्त दाब देऊन खास नग काढलेले असतात. आणखी एक प्रकार म्हणजे ठसा कसा उमटतो ते बघायला कथिलासारख्या हलक्या धातूवर घेतलेला चाचणीचा नग. लिलावाच्या याद्यांत हे तिन्ही शेजारी शेजारी छापतात, त्यामुळे गोंधळ होतो.

क्राउन म्हणजे पाच शिलिंगांचे इंग्लिश चांदीचे नाणे आणि पिटिशन म्हणजे अर्ज. पिटिशन क्राउन हा निखळ पॅटर्न आहे. साल १६६३, इंग्लंड, राजा दुसरा चार्ल्स, कारागीर थॉमस सायमन. पुढच्या बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा, डोक्यावर लॉरेलची माळ घातलेला अर्धपुतळा आणि त्याखाली सायमनची सही. मागे चार मुकुटधारी ढाली फुलीसारख्या मांडलेल्या, त्यांच्यामधल्या जागांत एकमेकांत गुंतलेले दोन ‘सी’, आणि मध्यभागी ‘गार्टर’ या मानाच्या पट्ट्यात घोड्यावरचा सेंट जॉर्ज. इथवर तो एक अतिशय देखणा क्राउन आहे, एवढेच म्हणता येईल. त्याला नाव आणि किंमत मिळाली ती कडेमुळे.

कडेवर उठावाच्या अक्षरांत दोन ओळींचा अर्ज आहे. मथितार्थ असा: थॉमस सायमन महाराजांना अत्यंत नम्रपणे विनवतो की हा त्याचा नमुना डच नमुन्याशी ताडून पाहावा, आणि रेखाटन अधिक बिनचूक, उठाव अधिक चांगला, मांडणी अधिक डौलदार व कोरीवकाम अधिक काटेकोर वाटले, तर त्याला दिलासा द्यावा. मूळ इंग्रजीत ही दीडशेहून जास्त अक्षरे भरतात. त्या काळच्या क्राउनचा व्यास साधारण ३९ मिलिमीटर, म्हणजे परीघ १२ सेंटिमीटरच्या आसपास. दोन ओळींत वाटली तरी एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम दीड मिलिमीटर रुंदी येते. उंची तर त्याहून कमी, कारण नाण्याची सगळी जाडीच तीन मिलिमीटरच्या आत. हे सगळे हाताने घडवलेल्या पोलादावर उलट्या अक्षरांत कोरायचे होते.

चांदीतले आज माहीत असलेले नग पंधराच्या आसपास धरले जातात. याच ठशांचा एक भाऊ आहे, तो ‘रेडिटे’ क्राउन. त्याच्या कडेवर अर्ज नाही. ‘सीझरचे ते सीझरला द्या’ हे बायबलमधले लॅटिन वचन आहे आणि शेवटी ढगांतून बाहेर येणारा सूर्य. दोन्ही बाजूंचे फोटो बघून हे दोन वेगळे करता येत नाहीत. फरक फक्त कडेवर.

प्रश्न : इतके सुंदर नाणे राजाने नाकारले कसे? यामागे राजकारण होते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : राजकारण होते, पण सगळे त्यावर ढकलणे बरोबर नाही. सायमनने आधी पार्लमेंटसाठी आणि नंतर ऑलिव्हर क्रॉमवेलसाठी, म्हणजे राजघराण्याच्या विरोधकांसाठी, काम केले होते. क्रॉमवेलच्या नाण्यांवरचे चित्र त्याचेच. चार्ल्स १६६० मध्ये गादीवर परतला तेव्हा हातोड्याने पाडलेल्या पहिल्या नाण्यांचे ठसे सायमनकडूनच करून घेतले गेले. पण अँटवर्पच्या रोटिए घराण्याने राजाला परागंदा असताना मदत केली होती, असे सांगितले जाते. त्यातला जॉन रोटिए लंडनच्या टांकसाळीत आला. १६६२ मध्ये यंत्राची नाणी सुरू करायची ठरल्यावर दोघांनाही नमुने करायला सांगितले. दोघांनी मिळून काम करावे अशी अपेक्षा होती, ते जमले नाही. रोटिएचा नमुना (अर्जातला ‘डच’ तो हाच) मंजूर झाला आणि १६६२ साल घातलेला त्याचा क्राउन चलनात आला. सायमनचा अर्ज त्यानंतरचा, १६६३ चा. म्हणजे तो निकालाविरुद्ध केलेला अपील होता. निकाल बदलला नाही. राजमुद्रांचे काम त्याच्याकडे राहिले आणि १६६५ च्या लंडनच्या प्लेगमध्ये तो वारला.

आता कामाची बाजू. यंत्राची नाणी आणण्याचा एक मोठा हेतू कडा कातरणाऱ्यांना रोखणे हा होता. हातोड्याच्या नाण्याची कड वाकडीतिकडीच असे, त्यामुळे कात्रीने चांदीची किनार काढून घेतली तरी चटकन कळत नसे. पीटर ब्लोंडो या फ्रेंच यंत्रज्ञाने कडेवर अक्षरे उमटवण्याची युक्ती आणली होती आणि ती टांकसाळीत गुप्त ठेवलेली होती. रोटिएच्या क्राउनच्या कडेवर ‘डेकस एट टुटामेन’, म्हणजे ‘भूषण आणि संरक्षण’, एवढे लॅटिन शब्द, आणि पुढच्या नाण्यांवर राजवटीचे कितवे वर्ष तेही, अशी एकच ओळ होती. त्या काळचा रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने हे वचन आपण सुचवले असे लिहून ठेवले आहे. एका ओळीची मोठी अक्षरे हजारो नगांवर सारखी उमटतात. दोन ओळींची दीड मिलिमीटरची अक्षरे पंधरा-वीस नगांवर उमटतील. रोजच्या कामात हत्यार फार काळ टिकणे कठीण होते. आमचे मत विचाराल तर चेहरा सायमनचा सरस आहे, त्वचेखालचे हाड जाणवते. पण चलनासाठी टांकसाळीने केलेली निवड चुकीची म्हणता येत नाही.

जाता जाता: हाच तो दुसरा चार्ल्स, ज्याच्या पोर्तुगीज राजकन्येशी लग्नाच्या १६६१ च्या करारात मुंबई इंग्रजांकडे आली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

प्रश्न : इथल्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारात मला पिटिशन क्राउन ४०० पौंडांना मिळतो आहे. विक्रेता म्हणतो, जुन्या संग्रहातला आहे, पण खात्री देत नाही. कडेवर अक्षरे आहेत. घेऊ का? (एक वाचिका, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : खरा म्हणून घेऊ नका. अस्सल नगाने लिलावात लाख पौंडांची पातळी कधीच ओलांडली आहे. ४०० पौंडांत तो बाजारात पडून राहत नाही. पण ती प्रत चांगली इलेक्ट्रोटाइप असू शकते, आणि तशी असेल तर अभ्यासासाठी घ्यायला हरकत नाही. मात्र किंमत त्या हिशेबाने ठरवा.

इलेक्ट्रोटाइप म्हणजे काय ते आधी समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात संग्रहालये मूळ नाण्याच्या दोन्ही बाजूंचा साचा घेत आणि विजेच्या साहाय्याने त्यात तांब्याचा पातळ थर चढवत. असे दोन पत्रे पाठीला पाठ लावून, आत शिसे किंवा डाख ओतून जोडत आणि वर चांदीचा मुलामा देत. हेतू फसवणुकीचा नव्हता. अभ्यासकांना आणि प्रदर्शनांना प्रती हव्या असत. ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडीने अशा पुष्कळ प्रती केल्या. त्यांच्या कडेवर ‘आर’ किंवा ‘आरआर’ असे बारीक अक्षर ठोकलेले असते. काहींवरचे ते अक्षर नंतर कुणीतरी घासून टाकलेलेही असते, म्हणून कडेवर एखादा सपाट, जास्त चकचकीत तुकडा दिसला तर शंका घ्या.

या प्रतीत चेहरा आणि ढाली हुबेहूब येतात, अगदी मूळ नाण्यावरचा ओरखडासुद्धा. फसते ती कड, कारण सांधा तिथेच असतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, उजेड बाजूने पाडा आणि नाणे हळूहळू फिरवत पूर्ण फेरी मारा. दोन ओळींच्या मधून केसासारखी रेघ सलग जाते का? खालच्या ओळीतली अक्षरे वरच्या ओळीच्या मानाने किंचित सरकलेली किंवा वेगळ्या जाडीची आहेत का? अक्षरांच्या तळाशी लालसर तांबे डोकावते का? यातले एकही असले तर पुढे जायचे कारण नाही. खऱ्या नाण्यावर अक्षरांची बाजू उभी आणि धारदार दिसते, ओतीव प्रतीत ती साबणाच्या वडीसारखी गोल झालेली असते आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक गोल खड्डे असतात.

वजन जरूर करा, पण त्यावर निकाल देऊ नका. चलनातल्या क्राउनचे ठरलेले वजन ४६४.५ ग्रेन, म्हणजे ३०.१ ग्रॅम, चांदी हजारात ९२५. पॅटर्नला चलनाचे वजन पाळायचे बंधन नसते. त्यामुळे वजन जुळले नाही म्हणून खोटे आणि जुळले म्हणून खरे, हे दोन्ही चूक. टेबलावर आपटून नाद ऐकणारे अजून भेटतात. ते करू नका. कडेला खाच पडते. बोटाच्या टोकावर नाणे तोलून लाकडी पेन्सिलीने हलके टिचकी मारली तरी पुरे. आत शिसे असेल तर आवाज लगेच मरतो.

शेवटची कसोटी घरबसल्या होते. जगात इतके थोडे नग असल्यामुळे बहुतेकांचे फोटो जुन्या-नव्या लिलावयाद्यांत छापले गेले आहेत. तुमच्या नगावरच्या खुणा, गालावरची खाच, ढालीजवळचा ओरखडा, त्या फोटोंशी ताडून बघा. एखाद्या प्रसिद्ध नगाशी सगळ्या खुणा तंतोतंत जुळल्या आणि तो नग दुसरीकडे सुखरूप असला, तर तुमच्या हातात त्याची प्रत आहे. विक्रेत्याकडे फोटो मागताना कडेचे सहा मागा, दर वेळी साठ अंशांनी फिरवून. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळाले.

रॉयल मिंटने २०२३ मध्ये याच नक्षीवर आधारित नवी नाणी काढली, त्यांच्याबद्दलही दोन पत्रे आहेत. ती नवी, अधिकृत स्मरणार्थ नाणी आहेत; एका बाजूला सध्याच्या राजाचा चेहरा असतो. त्यांची किंमत चांदी आणि मागणी यांवर ठरते, सायमनच्या दुर्मिळतेवर नाही.

प्रश्न : क्रॉमवेलच्या १६५८ च्या क्राउनच्या फोटोत गळ्याखाली आडवी रेघ दिसते. नाणे खराब आहे का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : खराब ठसा होता, नाणे नव्हे. ठशाला तडा गेला की त्या तड्यात चांदी शिरते आणि नाण्यावर उठावाची रेघ येते. नाण्यावर नंतर ओरखडा पडला तर रेघ खोल असते. एवढा एक फरक डोळ्यांत बसला तर निम्मे काम झाले. या क्राउनच्या ठशाचा तडा नाणी पाडता पाडता वाढत गेला, म्हणून रेघ जितकी छोटी तितका नग आधीचा. त्यांना भावही जास्त मिळतो. सालातल्या ८ खाली ७ चा अवशेष दिसतो, तोही अस्सलपणाचाच भाग आहे. याचीही कड वाचा: ‘ही अक्षरे माझ्यावरून काढेल तो जिवाला मुकेल’ अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. ही नाणी प्रत्यक्ष चलनात आली का यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण हौशी लोकांनी त्यांना लगेच उचलले. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस याने मार्च १६६३ च्या रोजनिशीत नोंदले आहे की पाच शिलिंगांचे हे नाणे आता २५ ते ३० शिलिंगांना विकले जाते.

प्रश्न : आम्ही सराफ आहोत. एका गिऱ्हाईकाने १८३५ चा विल्यम राजाचा रुपया आणला. टंच काढायच्या मशीनवर चांदी ९६ टक्के आली. या रुपयाची चांदी ९१.७ असते असे वाचले. मग हा वेगळ्या धातूचा पॅटर्न समजायचा का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. मशीन खरे बोलते आहे, पण फक्त कातडीबद्दल. ते क्ष-किरणांनी वरचा अगदी पातळ थर वाचते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जुन्या चांदीच्या नाण्यात त्या थरात तांबे कमीच असते. चकती पाडण्यापूर्वी भट्टीत तापवत, तेव्हा वरचे तांबे काळे पडे. मग ती आम्लात धूत, त्यात ते काळे तांबे निघून जाई आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीची साय राही. पुढे कुणी चिंचेने किंवा आम्लाने साफ केले असेल तर आणखी तांबे गेले. पडताळायचे असेल तर दोन ठिकाणी वाचन घ्या: एक सपाट मोकळ्या जागी, एक झिजलेल्या उंच भागावर, राजाच्या गालावर किंवा किनारीवर. झिजलेल्या जागी आकडा खाली, ९२-९३ कडे आला, तर कोडे सुटले. कसोटीच्या दगडावर घासू नका आणि कड कानशीने तर मुळीच तासू नका.

आतल्या धातूचा अंदाज घ्यायला पाण्यातले वजन बरे, आणि तुमच्याकडे मिलिग्रॅमचा काटा आहेच. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. पाणी खोलीच्या तापमानाचे घ्या आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर अक्षरांत बुडबुडे अडकतात. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असे लोंबकळत ठेवा. तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा.

१८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरले, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. तेव्हा काट्यावर १.१२८ च्या जवळ आकडा यायला हवा आणि भागाकार १०.३४ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरची नक्कल असेल तर आकडा १.३४ कडे जातो, लगेच पकडली जाते. १९४० ते १९४५ च्या अर्ध्या चांदीच्या मिश्रणाचा भागाकार साधारण ९.५ येतो. मात्र घरगुती, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर सूक्ष्म निष्कर्ष काढू नयेत: १.१२ आला तर १०.४१, १.१४ आला तर १०.२३. दोन शतांश ग्रॅमच्या फरकाने एवढी उडी पडते. त्यावर ९१७ आणि ९२५ हा भेद कळणे शक्य नाही. आत शिसे भरलेली प्रत चलाखीने बरोबर घनतेची करता येते, हेही ध्यानात ठेवा. कड पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे १८३५ चा रुपया आहे, आरशासारखा चमकतो आणि कडेवर कंगोरे नाहीत, सपाट आहे. दुकानदार म्हणतो पॅटर्न आहे, पाच लाख येतील. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तीन शक्यता आहेत, सगळ्यात साधी आधी तपासा. रुपया कधी दागिन्यात जडवला होता का? जडवताना आणि काढताना कंगोरे घासले जातात, वरचा डाखाचा डाग पुसायला पॉलिश मारतात, आणि सपाट कडेचा चकाकता रुपया तयार होतो. वजन ११.६६ च्या बरेच खाली, व्यास ३०.५ मिलिमीटरहून कमी, आणि डोक्याच्या वरच्या कडेजवळ धातूचा रंग वेगळा दिसला तर हेच झाले आहे. भिंगाखाली बारीक खोल ओरखडे एकाच दिशेने धावताना दिसतील.

वजन-व्यास बरोबर असतील तर दुसरी शक्यता: रिस्ट्राइक. कलकत्ता आणि मुंबई टांकसाळींनी जुने ठसे जपून ठेवले होते आणि विसाव्या शतकातही बराच काळ संग्राहकांच्या मागणीवरून त्यांच्यातून नव्याने नाणी पाडून दिली. ती बनावट नव्हेत, टांकसाळीतूनच आलेली आहेत. पण त्या सालची नाहीत. ठसे पडून राहिल्यामुळे गंजतात. गंजाचा खड्डा ठशावर पडला की नाण्यावर त्या जागी बारीक पुळीसारखा उंचवटा येतो. गंज घालवायला ठसा घासला असेल तर मोकळ्या जागी बारीक उठावाच्या रेघा येतात, त्या अक्षराच्या कडेपाशी येऊन थांबतात, अक्षरावर चढत नाहीत. नाणे घासल्याच्या रेघा मात्र अक्षरावरूनही जातात. रिस्ट्राइकमध्ये कधी एका सालाची पुढची बाजू आणि न जुळणारी मागची बाजू अशी जोडीही सापडते.

खरा पॅटर्न ही तिसरी शक्यता, आणि तिला पुरावा लागतो: ठशात चलनी नाण्यापेक्षा काहीतरी वेगळे हवे, आणि ते वेगळेपण प्रिडमोरच्या यादीत (ब्रिटिशकालीन नाण्यांची संग्राहकांची सूची) किंवा जुन्या लिलावात नोंदलेले हवे. नुसती चकाकी आणि सपाट कड हा पुरावा नाही. १८३५ हे साल ठशांवर १८४० पर्यंत तसेच ठेवले गेले, त्यामुळे साधे रुपये अमाप आहेत. पाच लाख सांगणाऱ्याला त्याच भावात घ्यायला सांगून बघा.

प्रश्न : १८१८ सालचे, एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी लिहिलेले नाणे व्हॉट्सअॅपवर कोटींना विकले जाते. हे कंपनीचे पॅटर्न होते का? (चिपळूण)

उत्तर : नव्हते. कंपनीने राम, हनुमान किंवा कमळ यांची अशी नाणी कधीच काढली नाहीत. ‘यूकेएल वन आना’ असली अक्षरे असलेली ही चकती तीर्थस्थळी आणि जत्रेत विकायला केलेली आहे. पूजेत ठेवायची तर ठेवा. ‘आधी नोंदणी फी भरा, मग नाणे विकत घेतो’ असे कुणी म्हणाले तर फोन ठेवा. ती फी हाच त्याचा धंदा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे चांदीची नाणी काळी पडतात. पितांबरीने घासली तर चालेल? (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : समई घासा, नाणी नको. त्या पुडीत आम्ल आणि घासणारी भुकटी दोन्ही असतात. यंत्राने पाडलेल्या नाण्यावर धातूच्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेघा असतात, त्यांच्यामुळे उजेड फिरवल्यावर चमक चाकासारखी फिरते. एकदा घासले की त्या रेघा गेल्या, मग भाव निम्म्यावर येतो आणि पुन्हा वर जात नाही. सराफाचे ‘डिप’ (नाणे बुडवून उजळवायचे द्रावण) तेही तेच करते, फक्त हळू. अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्याची युक्ती काळे थर काढते खरी, पण खाली निस्तेज, पांढरट पृष्ठभाग उरतो. सारखा पसरलेला राखाडी किंवा निळसर रंग हा दोष नाही. संग्राहक त्याला पैसे देतात.

धोक्याचा रंग हिरवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तो पीव्हीसीचा. शुद्ध अॅसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात पाच मिनिटे बुडवा, कडेला धरून काढा, दुसऱ्या स्वच्छ अॅसिटोनमध्ये एकदा बुचकळा आणि वाळू द्या. पुसायचे नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा.

ठेवायला कडक, बिनवासाची पॉलिएस्टरची पाकिटे किंवा गोल डब्या. रबर बँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र नको; त्यांतल्या गंधकानेच चांदी काळवंडते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी बघा. रंग बदललेले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात राणीच्या आणि कंपनीच्या काळातले दोनशे रुपये आहेत. मुलगी अमेरिकेत असते, तिच्याबरोबर पाठवता येतील का? (ठाणे)

उत्तर : नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूत मोडतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. वारसाहक्काची आहेत, बिल आहे, एकच नग आहे, यांपैकी कशानेही सूट मिळत नाही. विमानतळावर जप्ती आणि वर खटला. शंभर वर्षांच्या आतली, उदाहरणार्थ १९४० नंतरच्या अर्ध्या चांदीची, न्यायची असली तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्या. मुलीच्या नावे इथेच यादी करून ठेवता येईल: प्रत्येक नगाचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, कुठून आला त्याची नोंद. त्या यादीची एक प्रत तिच्याकडे पाठवा.

संग्रहातली काही नाणी शेतात नांगरताना सापडलेली आहेत, असेही तुम्ही लिहिले आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. ती नाणी बाकीच्यांत मिसळू नका, धुऊ नका, कुठल्या गटात आणि कशात सापडली ते लिहून वेगळी ठेवा, आणि वकिलाला विचारून कळवण्याची व्यवस्था करा.